नॉटिंगहॅमचा गोलरक्षक आणि तालुक्याच्या स्पर्धा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पानावरील लेस्टर सिटी या छोट्या इंग्लिश फुटबॉल संघाच्या २०१५-१६ मधील अनपेक्षित विजेतेपदाविषयीचा लेख आवडीने वाचला. मात्र इंग्लंडच्या अव्वल साखळीत असा चमत्कार पूर्वी झालाच नव्हता, हा त्यातला सूर पटला नाही. प्रीमियर लीग या आजच्या अव्वल साखळीचा जन्म १९९२ चा, म्हणून त्याआधीचे इंग्लिश फुटबॉल हिशेबातच धरायचे नाही, ही आपल्याकडची सवय आता सोडायला हवी.

लेस्टरच्या शेजारीच नॉटिंगहॅम आहे. तिथला नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा संघ १९७७ मध्ये दुसऱ्या विभागात, म्हणजे अव्वल साखळीच्या खालच्या पायरीवर, तिसरा आला आणि बढतीची शेवटची जागा मिळवून कसाबसा वर चढला. व्यवस्थापक ब्रायन क्लफ आणि त्यांचे सहायक पीटर टेलर या जोडीने त्याच संघाला पुढच्याच हंगामात, १९७७-७८ मध्ये, पहिल्या विभागाचे, म्हणजे तेव्हाच्या अव्वल साखळीचे, विजेतेपद मिळवून दिले. विजयाला दोनच गुण मिळण्याच्या त्या काळात फॉरेस्टने ६४ गुण कमावले, तर तेव्हाचा युरोपविजेता लिव्हरपूल ५७ गुणांवर दुसरा राहिला. बढती मिळताच अव्वल विजेतेपद पटकावणे इंग्लंडमध्ये त्यानंतर कोणालाही साधलेले नाही.

परंतु माझा मुद्दा त्याहून वेगळा आहे. त्या संघातील एकाही खेळाडूचे लीगमधले गोल विसापर्यंत पोहोचले नाहीत. हंगाम जिंकला तो मागच्या फळीने. ४२ सामन्यांत फॉरेस्टने अवघे २४ गोल खाल्ले, आणि नोव्हेंबरनंतर लीगमधला एकही सामना गमावला नाही. बर्मिंगहॅमकडून आघाडीला खेळून गोल करणाऱ्या केनी बर्न्सला क्लफ यांनी थेट बचावात उभे केले. सप्टेंबरमध्ये, नुकत्याच दुसऱ्या विभागात घसरलेल्या स्टोक सिटीकडून, पीटर शिल्टन या गोलरक्षकाला सुमारे अडीच लाख पौंड मोजून आणले. (गरीब संघाची गोड गोष्ट सांगणारे हा आकडा हमखास गाळतात.) २२ एप्रिल १९७८ रोजी कॉव्हेंट्रीत विजेतेपद निश्चित झाले, तो सामनाही ०-० असाच सुटला आणि त्या दिवशी शिल्टनने गोलजाळ्यासमोर जे केले ते जुने जाणकार अजून सांगतात. लीग कप या वेगळ्या बाद स्पर्धेत नियमामुळे शिल्टनला खेळता येत नव्हते, तेव्हा ख्रिस वुड्स या १८ वर्षांच्या मुलाने अंतिम सामन्यात आणि फेरसामन्यातही लिव्हरपूलला एक गोल करू दिला नाही. हंगामाच्या अखेरीस व्यावसायिक खेळाडूंनी आपला सर्वोत्तम खेळाडू म्हणून शिल्टनला निवडले आणि फुटबॉल पत्रकारांनी बर्न्सला.

लेस्टरचेही तेच आहे. आपल्या लेखात वार्डी आणि महरेझ या गोल करणाऱ्यांना भरभरून जागा मिळाली, पण त्या संघाने पहिल्या ९ सामन्यांत १७ गोल खाल्ले आणि उरलेल्या २९ सामन्यांत मिळून फक्त १९, हे कुठे आले नाही.

हे सारे आर्वी तालुक्यातून लिहिण्याचे कारण असे की आमच्याकडील शालेय स्पर्धांत ज्याला पळता येत नाही त्यालाच बहुधा गोलमध्ये उभे करतात. गेल्या हिवाळ्यातील एका सामन्यात एक मुलगा यष्टिरक्षकाचे जुने हातमोजे घालून, मुरमाच्या मैदानावर गुडघे फोडून घेत शेवटपर्यंत झेपावत राहिला आणि त्याचा संघ १-० ने जिंकला. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत गोल करणाऱ्याचे नाव होते, त्याचे नव्हते. रानडुकरांच्या भीतीने रात्रभर जागल करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, तशातलाच हा प्रकार.

म्हणून दोन विनंत्या आहेत. ग्रामीण स्पर्धांचे निकाल छापताना गोल करणाऱ्यांबरोबर दोन्ही गोलरक्षकांची नावेही द्यावीत. त्याला एक ओळ पुरते. दुसरी विनंती आयोजकांना आहे. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरवताना केवळ गोल मोजू नयेत आणि उत्कृष्ट गोलरक्षकासाठी वेगळे बक्षीस ठेवावे. ते रोख असण्याची गरज नाही, हातमोज्यांची एक चांगली जोडी दिली तरी चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. आर्वी, जि. वर्धा