स्क्रूची कंपनी विचारता, तसा अबटमेंटही विचारा

महोदय,

लातूर, नांदेड, परभणी, कुठल्याही शहरात 'फिक्स दात'चे फलक आता दिसतात. इम्प्लांट कोणत्या देशाचा, हप्ते किती, हे त्यावर ठळक असते. हाडातला स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, आणि वरची कॅप यांना जोडणाऱ्या अबटमेंटचे नावही नसते. हाडाची झीज मात्र इम्प्लांटच्या गळ्याशी, म्हणजे याच सांध्यापाशी सुरू होते.

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुजलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसता वेढा घालतात, त्यामुळे तिथली पकड नाजूक असते. हाडाच्या वर साधारण ३ मिमी उंचीची हिरडी शरीराला लागतेच. ती मिळाली नाही, तर हाड खाली उतरते आणि जागा करून देते. म्हणून अबटमेंटचा हिरडीतला भाग किमान २ मिमी उंच असावा. हिरडी पातळ असेल, तर आधी ती जाड करून घ्यावी किंवा इम्प्लांट थोडा खोल बसवावा. तिथे १ मिमीचा अबटमेंट चढवून काम उरकले की पहिल्याच वर्षी हाड उतरू लागते.

अबटमेंट इम्प्लांटच्या तोंडापेक्षा थोडा अरुंद असलेला बरा. हे कळले तेही योगायोगाने. ५ आणि ६ मिमी रुंदीच्या इम्प्लांटना मापाचे सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून ४.१ मिमीचे जोडले गेले. पुढे एक्स-रेमध्ये तिथले हाड जास्त टिकलेले दिसले. सांध्याची फट आणि तिथले जंतू हाडाच्या कडेपासून आत सरकतात, हे त्याचे एक कारण.

कॅपचा आकारही तितकाच महत्त्वाचा. हिरडीतून बाहेर येताना ती ३० अंशांपेक्षा जास्त पसरली आणि मडक्याच्या पोटासारखी फुगली, तर खाली ब्रश पोचत नाही. वरून दात देखणा दिसतो, खाली कीटण साचत राहते.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती सिमेंटची. कॅपची कड हिरडीखाली १ मिमीपेक्षा खोल गेली, तर जादा सिमेंट पूर्ण काढता येईलच याची खात्री नसते, आणि एक्स-रेत ते दिसेलच असेही नाही. रुग्णाला काही महिने, कधी काही वर्षे त्रास होत नाही. मग हिरडी दाबली की पू येतो. स्क्रूने बसणारी कॅप निवडली तर हा धोकाच राहत नाही. सिमेंट वापरायचेच असेल, तर कड हिरडीच्या रेषेला ठेवावी.

पैसे वाचवायला लॅबमध्ये ओतून केलेले किंवा दुसऱ्याच कंपनीचे 'चालणारे' अबटमेंट बसवले जातात. फिटिंग किंचित ढिले असले तरी चावताना सांधा हलतो, अबटमेंट धरून ठेवणारा छोटा स्क्रू सैल होतो, फटीतून घाण वास येतो. हा स्क्रू टॉर्क रेंचनेच, म्हणजे कसण्याचा जोर (टॉर्क) मोजणाऱ्या पान्यानेच, कंपनीने दिलेल्या मापाला कसावा. ते बहुधा ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर असते. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा कसावा, कारण पहिला ताण थोडा उतरतो. ट्रायलसाठी अबटमेंट वारंवार काढ-घाल केल्यानेही हिरडीची पकड तुटते. कायमचा अबटमेंट शक्यतो एकदाच बसवून तसाच राहू द्यावा.

आपल्याकडची मंडळी कामासाठी पुण्याला जातात. तिथे हा छोटा स्क्रू सैल झाला, तर कोणता स्क्रूड्रायव्हर लागेल हे तिथल्या डॉक्टरला कळत नाही आणि चांगली कॅप कापावी लागते. म्हणून प्रत्येक दवाखान्याने रुग्णाला कार्ड द्यावे. त्यावर इम्प्लांट आणि अबटमेंटची कंपनी, व्यास, उंची, कॅप स्क्रूची की सिमेंटची आणि दिलेला टॉर्क लिहावा. कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रेही सोबत द्यावा. पुढच्या वर्षी हाड किती उतरले, हे त्याच्याशीच ताडून पाहता येते. रुग्णांनी निदान कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

— इम्प्लांटचे काम करणारे काही दंतवैद्य, लातूर