म्युनिकच्या ताईंना, कंपनीची नोंद झाल्यावर

ताई,

नाव लिहायचं नाही आणि कार्यालयाचं तर मुळीच नाही, या अटीवर तुम्ही हे पत्र जाहीर करायला होकार दिलात. करसल्लागाराच्या कार्यालयात एवढी वर्षं काढल्यावर माणूस अटी घालूनच बोलतो. त्या मी पाळतोय.

जीएमबीएच, म्हणजे जर्मनीतली मर्यादित जबाबदारीची माझी कंपनी, नोंदली गेली. म्युनिकच्या नोंदणी न्यायालयाचा क्रमांक मिळाला, फिनान्झआम्टकडून, म्हणजे करकार्यालयाकडून, करक्रमांक आला आणि पहिलं बिल ग्राहकाकडे रवाना झालं. परदेशात कंपनी काढतोय म्हटल्यावर पाठ थोपटणारे खूप भेटले. "होईल रे सगळं" म्हणणारे त्याहून जास्त. तुम्ही एकदाही तसं म्हटलं नाहीत. उलट पहिल्याच भेटीत विचारलंत, "निवासपरवान्यासोबतचा जोडकागद आणलायस का? त्यावर स्वतंत्र व्यवसायाची मुभा लिहिली आहे का, ते आधी बघू." कंपनीची मालकी कुणालाही घेता येते, पण त्या मालकीमुळे इथे राहण्याचा हक्क मिळत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी स्पष्ट सांगितलं. त्या कागदावरची नोंद वाचून झाल्यावरच तुम्ही चहा मागवलात!

भांडवलाचं तुम्ही समजावलंत ते तर मी आता इतरांनाही सांगत सुटलोय. 25,000 युरो हा किमान भांडवलाचा आकडा ऐकून बहुतेकांचे पाय गळतात, कारण ती रक्कम सरकारजमा होते किंवा कायमची अडकून पडते असा समज असतो. नोंदणीच्या अर्जाआधी किमान 12,500 खात्यात हवेत. उरलेल्या रकमेची जबाबदारी भागधारकावर राहते, आणि आलेला पैसा कंपनीचाच असल्यामुळे कंपनीच्या कामाला तो वापरता येतो. मागच्या दाराने तो स्वतःच्या खिशात परत घालायचा नाही, एवढंच पथ्य. 2008 पासून एक युरोच्या भांडवलावरही छोटी कंपनी काढता येते. तो मार्ग तुम्ही झटकून टाकला नाहीत, कागदावर हिशेब मांडलात. नोटार (दस्त करून देणारा कायदेशीर अधिकारी) आणि न्यायालयाचा खर्चच त्या एका युरोच्या कितीतरी पट, म्हणजे कंपनी जन्मतःच कर्जात. शिवाय भांडवल 25,000 पर्यंत नेईपर्यंत दरवर्षीच्या नफ्यातला चौथा हिस्सा बाजूला ठेवायचा. "तुझे ग्राहक कारखानदार आहेत. ते व्यापारी नोंदवही उघडून भांडवलाचा आकडा बघतात," एवढं म्हणून तुम्ही पेन ठेवलंत. निर्णय माझ्यावर सोडलात, पण तो कशावर बेतायचा ते मला कळलं होतं.

मग कामांचा तो क्रम. आधी नावाची चाचपणी उद्योग आणि व्यापार मंडळाकडे, कारण निव्वळ वर्णन करणारं नाव न्यायालयात अडकू शकतं. त्यानंतर नोटार, मग बँक, भांडवल भरल्याचा पुरावा पुन्हा नोटारकडे, तिथून अर्ज न्यायालयात. नोटारकडे सही केल्यावर कंपनी झाली असं वाटतं आणि माणूस करार करत सुटतो. नोंद होईपर्यंत कंपनीच्या नावाने जो व्यवहार करतो तो स्वतः जबाबदार धरला जातो, हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की कार्यालयाच्या भाडेकराराचा मसुदा समोर असूनही मी पेनाला हात लावला नाही. घरमालक वैतागला होता. वैतागू दे, म्हणालात.

नोटारने सगळा दस्तऐवज मोठ्याने वाचून दाखवला, कायद्याने तसं करावंच लागतं. कंटाळवाणा प्रकार, पण तुम्ही सांगून ठेवलेली एक ओळ येते का इकडे माझे कान लागले होते. दिवाणी संहितेच्या कलम 181 मधून, म्हणजे स्वतःच स्वतःशी करार करण्याच्या मनाईतून, व्यवस्थापकाला सूट देणारी ती ओळ. मालक मी, व्यवस्थापकही मीच. माझ्या पगाराच्या करारावर दोन्ही बाजूंनी माझीच सही. ती सूट नसेल तर असा करार लंगडा ठरतो. ओळ होती. मी कान टवकारल्याचं नोटारच्या लक्षात आलं असावं, कारण तिथे ते क्षणभर थांबले.

बँकेने अर्थातच वेळ काढला. पैसा कुठून आला याचा माग विचारणार हे तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून पगाराच्या पावत्या नि बचतीची विवरणं तयार होती. तरी त्यांनी तेच कागद पुन्हा मागितले. असो.

आणि टपालपेटी! मोठमोठ्या मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये ही ओळ सापडत नाही. "पेटीवर कंपनीचं नाव आजच चिकटव, नाहीतर पोस्टमन पत्रं परत नेईल." मूल्यवर्धित कराचा ओळखक्रमांक झारलुइसच्या कार्यालयातून पत्रानेच येतो. एका ओळखीच्याचं ते पत्र असंच माघारी गेलं होतं.

त्याच पेटीत काय काय पडेल तेही तुम्ही आधीच सांगितलंत. 2022 पासून व्यापारी नोंदवही कुणालाही फुकट पाहता येते, त्यामुळे नव्या कंपनीचा पत्ता ठकांना आयता मिळतो. गरुडाचं चिन्ह, सरकारी थाटाची अक्षरं, भरणा करायचं तयार चलन आणि भरमसाट रक्कम असलेली पत्रं खरंच आली, एकदम गठ्ठ्यानेच. तुमचा नियम होता, न्यायालयाच्या खऱ्या बिलाशिवाय काहीही भरण्याआधी फोन करायचा. फोनवर तुम्ही फक्त "टाक केरात" म्हणायचात.

एका हितचिंतकाने ग्रूनवाल्डचा पत्ता घ्यायला सुचवलं होतं. म्युनिकमध्ये व्यवसायकराचा गुणक (कराच्या मूळ दराला ज्याने गुणतात तो, गावागणिक वेगळा) 490 टक्के, शेजारच्या ग्रूनवाल्डमध्ये 240. म्हणजे 17.15 टक्क्यांऐवजी 8.4 टक्के कर. मोह पडावा असाच फरक आहे. तुम्ही विचारलंत, "रोज बसणार कुठे? निर्णय कुठे घेणार?" कंपनी प्रत्यक्षात जिथून चालते तेच फिनान्झआम्ट बघतं, आणि नुसत्या पाटीवर ते भाळत नाही. विषय तिथे मिटला.

एक गोष्ट मात्र मला विशेष आवडली. पुढेमागे भागीदार घ्यायचा झाला तर कराराचं काय, असं विचारल्यावर तुम्ही हात वर केलेत. "हे माझं काम नाही, वकिलाकडे जा," म्हणालात, आणि वकिलाला कोणते प्रश्न विचारायचे ते लिहून दिलंत. अर्धवट माहितीवर ठोकून देणारे सल्लागार पदोपदी भेटतात. आपली हद्द कुठे संपते ते सांगणारं माणूस या सगळ्या खटाटोपात मला दुसरं भेटलं नाही.

इतक्या संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी थांबलात आणि एका सेंटचंही बिल लावलं नाहीत. विचारलं की "आधी नोंद होऊ दे" एवढंच. आता नोंद झाली आहे, ताई. पहिल्या वर्षाचा ताळेबंद तुमच्याच कार्यालयाकडे देणार आहे, रीतसर. त्याचं बिल पूर्ण लावा, ओळखीचा म्हणून सवलत नको. कंपनीच्या खात्यात त्यासाठी रक्कम वेगळी काढून ठेवली आहे. ठकांची पत्रं अजून येतात, त्यामुळे तुमचं बिल ओळखू येईल असं पाठवा, नाहीतर तेही केरात जायचं.

तुमचा ऋणी,
एका जीएमबीएचचा एकुलता एक भागधारक