मन्यास पत्र: अप्पांचा आर

प्रिय मन्या,

परवा रात्री अकराला फोन करून "अप्पांचा फ्लॅश कपाटात आहे ना?" असं विचारलं, तेव्हा तू झोपेतच "आहे आहे" म्हणालास आणि फोन ठेवलास. सकाळी तुला ते आठवत तरी असेल का, कोण जाणे. विचारण्याचं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाने विकाऊ असलेल्या एका फ्लॅशचे फोटो पाठवले होते. तीन सेलचा ग्राफ्लेक्स, म्हणजे त्या अमेरिकन कॅमेरा कंपनीचा जुना फ्लॅश, अस्सल, एका जुन्या वृत्तपत्र छायाचित्रकाराच्या सामानातून निघालेला. घेऊ का, असं त्याने विचारलं होतं. नळी छान, क्लॅम्प छान, लाल बटण जागच्या जागी. शेवटचा फोटो बुडाचा होता. तो मोठा करून पाहिला आणि हातातलं काम खाली ठेवलं. बुडावर कंपनीच्या गावाचं नाव आहे ना, त्या 'रॉचेस्टर'मधल्या पहिल्या आरचा (R) पाय अर्ध्यावर झिजलेला. त्याच तिरकस रेषेत, तेवढाच. अप्पा फ्लॅश जमिनीवर टेकवताना नेहमी एकाच बाजूला कलता ठेवायचे, ती झीज. जगात असा आर एकाच फ्लॅशवर आहे आणि तो तुझ्या कपाटात आहे. आणि मी तो जसाच्या तसा उतरवून घेतल्यामुळे माझ्या पहिल्या खेपेतल्या प्रत्येक प्रतिकृतीवर आहे.

म्हणजे ती माझी होती. नळीच्या आत मी कोरलेली खूण आणि क्रमांक घासून काढलेला होता. आतल्या फोटोत तेवढ्याच भागात पितळ चकचकत होतं. "घेऊ नकोस" असं त्याला लगेच कळवलं. विकणाऱ्यानेच ते केलं की त्यालाही कोणी फसवलं, ते कळायला मार्ग नाही. क्रमांकच नाही, तर ती मूळ कोणाकडे गेली होती हे तरी कसं शोधणार?

आता तू म्हणशील, "मी सांगितलं नव्हतं?" सांगितलं होतंस, मान्य. विन्याच्या गच्चीवरचं ते भांडण मला शब्दन्‌शब्द आठवतं. अचूक प्रतिकृती म्हणजे संधीची वाट पाहणारी नक्कल, असं तू म्हणाला होतास. मी म्हणालो होतो की प्रतिकृती जितकी अचूक, तितके जुने फ्लॅश वाचतील. विन्या मध्येच गाढ झोपला आणि आपण दोघं त्यालाच साक्षीदार धरून भांडत राहिलो. मी आजही माझ्याच बाजूला आहे. १९७७च्या 'स्टार वॉर्स'साठी सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनला लंडनमधल्या एका फोटोग्राफीच्या दुकानात या फ्लॅशच्या मुठी सापडल्या. त्यावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या, क्लॅम्पमध्ये जुन्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर असते ती भिंगांची पट्टी बसवली आणि लाइटसेबर, म्हणजे त्या चित्रपटातल्या प्रकाशाच्या तलवारीची मूठ, तयार झाला. तेव्हा ती एक जुनी, कोणाला नको असलेली वस्तू होती. पण त्यानंतर हजारो लोकांना तीच मूठ हवीशी झाली. परावर्तक फेकून द्यायचा, बुडाला भोक पाडून डी आकाराची कडी ठोकायची, की एक चालता फ्लॅश कायमचा संपला. अशा लोकांना तू कसाई म्हणायचास. मी शब्द सौम्य वापरतो, पण भोक पाडलेलं बूड पाहिलं की माझ्याही पोटात कालवतं. ते भोक अक्षरांच्या शेजारीच पडतं.

म्हणून तर मी हे काम हातात घेतलं. मला लाइटसेबर नव्हता करायचा, मला फ्लॅशची मूठ करायची होती. नंतर ज्याला जे करायचं ते त्याने माझ्या पितळेवर करावं. तुझ्या टेबलावर दिवा खाली ओढून आपण मापं घेतली, ते सगळे आकडे अजून त्याच वहीत आहेत. सुरुवातीला मिलिमीटरात काहीच सरळ येईना. मग तूच म्हणालास की ही माणसं इंचात विचार करणारी, पंचवीस पूर्णांक चारने भागून बघ. भागलं आणि ३८.१ चा दीड इंच झाला, ९.५२५ चे तीन अष्टमांश झाले. त्या रात्री ती नळी ज्याने कागदावर आखली, त्या माणसाच्या डोक्यात शिरल्यासारखं वाटलं होतं मला. मोजणं हे आदराचं काम आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

आत तीन डी सेल खरोखर बसले पाहिजेत, हा हट्टही तिथलाच. डी सेलचा व्यास ३४.२ मिलिमीटरपर्यंत भरतो, उंची ६१.५, तिघांची मिळून १८४.५, खाली स्प्रिंग. पडद्यावर कोणाला आतले सेल दिसणार आहेत? पण सेल बसत नसतील तर ती फ्लॅशची मूठ नाही, नुसता तिचा आकार आहे. लाल बटण दाबलं की परिपथ पूर्ण व्हायला हवा. अप्पांच्या वेळी त्याने बल्ब पेटायचा आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक, कॅमेऱ्याचं शटर ओढायचं. एक बल्ब, एक फोटो. ऑक्सिजनमध्ये बारीक धातूची तार भप्पकन जळून जायची आणि अप्पा तो गरम बल्ब रुमालाने काढून खिशात टाकायचे. तुझी आई ती भोकं रफू करायची, ते मी पाहिलंय.

आता आर. नवी खेप करायची आहे. मागणी बरीच आहे आणि मागणारे सगळे जाणकार आहेत. त्यांच्यापैकी काहींचं म्हणणं असं की बुडावरची अक्षरं कारखान्यातून निघाली तशी टोकदार हवीत. झिजलेला आर कशाला? मुद्दा बिनतोड वाटतो. पण मन्या, अचूक म्हणजे नक्की कशाशी अचूक? कारखान्यातून निघालेल्या वस्तूशी, पडद्यावर दिसलेल्या वस्तूशी की मी हातात घेऊन मोजलेल्या वस्तूशी? कारखान्यातून निघालेला कोरा नमुना माझ्याकडे नाही. दुसऱ्या एका वयस्कर संग्राहकाकडचा फ्लॅश पाहिला, त्याची अक्षरं धारदार आहेत, पण तो आधीचा आहे. त्यावर 'फोल्मर ग्राफ्लेक्स' असा ठसा आहे, आणि कंपनीने ते नाव १९४५ साली बदलून नुसतं 'ग्राफ्लेक्स' केलं. अक्षरांची मांडणीच वेगळी. अप्पांच्या फ्लॅशवर 'रॉचेस्टर ८' आहे. हा आठ टपाल विभागाचा, १९४३ ते १९६३ मध्ये लिहीत तसा. त्यामुळे आरचा उरलेला पाय मी काढला तर तो माझ्या मनाने काढलेला असेल. दिसेल छान. खरा नसेल.

आणि पडद्याचं म्हणशील, तर पडद्यावर एक वस्तू नाहीच. पहिल्या चित्रपटात क्लॅम्पमध्ये भिंगांची पट्टी, १९८०च्या दुसऱ्यात सर्किट बोर्डाचा सोनेरी रेघांचा तुकडा. बुडावरची अक्षरं तर कोणी धड पाहिलेलीही नाहीत.

म्हणून माझा कौल झिजलेल्या आरला आहे. त्याने परवा एका माणसाला वाचवलं. आतली खूण घासता येते, पण आर घासला तर बुडावर खड्डा दिसतो. मी ठरवलं होतं की या वेळी प्रत्येक डब्यात त्या आरचा मोठा फोटो ठेवायचा आणि सर्वांना उघडपणे सांगायचं: असा आर दिसला तर ती प्रतिकृती समजा. काही लपवायचं नाही. गुप्त खूण फक्त करणाऱ्याच्या उपयोगाची. विकत घेणाऱ्याला तिचा काय फायदा? आणि मी उद्या नसलो तर?

हे ठरवून मी निवांत होतो आणि त्याच रात्री दचकून उठलो. कारण तसं जाहीर केलं तर खोटा कोणाचा ठरेल? तुझा! उद्या मिनू अप्पांचा फ्लॅश कोणाला दाखवेल, आणि समोरचा बूड उलटं करून म्हणेल, "हा तर त्या माणसाने केलेला." अप्पांनी आयुष्यभर जमिनीवर टेकवून झिजवलेला आर हाच त्यांच्या फ्लॅशविरुद्धचा पुरावा होईल. हे दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही रे. इतरांना वाटेल, एका अक्षराच्या पायाचं काय एवढं.

दोन दिवस त्याच्यावरच डोकं चालवतोय. फरक आहे, आणि तो पक्का आहे. अप्पांच्या आरवर झीज प्लेटिंगच्या वरून झालीय. पाय संपतो तिथे क्रोम गेलंय, निकेल गेलंय आणि पिवळं पितळ उघडं आहे, कडा गोल. माझ्या आरचा पाय मुळातच आखूड कोरलेला आणि प्लेटिंग त्यावरून सलग गेलेलं. साध्या भिंगातून दिसतं. पण कोणी तेवढीच जागा पॉलिशच्या कापडाने चोळली तर? मग बूड नळीवर फिरवून बसवतात त्या आट्यांकडे वळावं लागेल. आट्यांच्या मधल्या व्यासावर प्लेटिंगचा परिणाम जाडीच्या चौपट होतो, म्हणून मी कापतानाच तेवढी जागा सोडतो. माझे आटे अप्पांच्या आट्यांपेक्षा किंचित सैल बसतात. अप्पांचं बूड माझ्या नळीवर फिरवलं तर पहिल्या वेढ्यालाच हाताला कळतं. मात्र हे कळायला दोन्ही वस्तू समोर हव्यात आणि हात तुझ्यासारखा हवा. फोटोवरून विकत घेणाऱ्याला काय कळणार?

दुसरा रस्ता म्हणजे अप्पांच्या फ्लॅशचाच पुरावा भक्कम करायचा. वजन, सगळी मापं, आतल्या ओरखड्यांचे फोटो, आणि त्यासोबत त्यांचा स्पीड ग्राफिक कॅमेरा, परावर्तक, निगेटिव्हची पाकिटं. सगळं एकत्र, एका कागदावर लिहून, तुझ्या आणि माझ्या सहीने. नुसती मूठ म्हणजे कोणाचीही असू शकते. कॅमेरा आणि त्याने काढलेल्या निगेटिव्ह सोबत असल्या की ती अप्पांची. यातलं बरंचसं तू पेट्यांत भरून ठेवलंयस हे मला माहीत आहे. पेट्या कुठे ठेवल्यास हे तुलाही माहीत नाही, हेही मला माहीत आहे. वहिनींना विचार.

तिसरा रस्ता: तुला नको असेल तर मी आर पुसतो. नवा, पूर्ण पायाचा आर काढतो, बाकी बुडावर ठळक, खोल खूण देतो आणि ज्यांना ती डोळ्यांना खुपेल त्यांनी घेऊ नये. मला ते आवडणार नाही. खूण दिसली की हातातल्या वस्तूवरचा विश्वास उडतो, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण अप्पांचा आर जाईल याचं वाईट वाटेल. तो आर कोरताना मी रात्रभर जागलो नव्हतो, पण श्वास मात्र रोखून धरला होता. तरी फ्लॅश तुझा आहे. तू नको म्हणालास तर मी वाद घालणार नाही. म्हणजे एकदाच घालीन.

मिनूलाही विचार, कारण शेवटी तो तिच्याकडे जाणार. तिची परीक्षा झाली असेल ना? कशी गेली? नव्या जागेत पुस्तकं लागली का सगळी? तुझ्या नोकरीचं काय ते सविस्तर लिही, मागच्या वेळी दोन ओळींत उरकलंस. आपल्या बाईंना भेटून आलो, त्या तुझं नाव घेऊन हसल्या आणि मग पुन्हा मला तुझ्याच नावाने हाक मारली. माझी तब्येत बरी. गुडघा तसाच आहे, साखर आटोक्यात.

नव्या खेपेच्या नळ्या कापून झाल्यात, पण बुडाला हात लावलेला नाही. तुझं उत्तर आल्याशिवाय लावणारही नाही. मागणाऱ्यांना थांबायला सांगितलंय आणि ते थांबतील. या छंदातल्या लोकांकडे दुसरं काही नसलं तरी चिकाटी असते.

तुझा,
दिग्या

ता. क. कपाट उघडशील तेव्हा अप्पांच्या फ्लॅशच्या बुडातल्या स्प्रिंगचे वेढे मोजून कळव. माझ्या फोटोत शेवटचा वेढा कडेला कापला गेलाय. स्प्रिंग बाहेर ओढू नकोस, वरूनच मोज. आणि कॅलिपरचं टोक अक्षरांना लागू देऊ नकोस.