लिव्हरची तपासणी वावरात गेलेल्या बाईपर्यंत पोचू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यात आशा म्हणून काम करते. आमच्या पोडावरची, म्हंजे आदिवासी वस्तीवरची, एक काकू, वय ४६, अंगानं काडी, जन्मभर निंदण अन कापूस वेचणी केलेली, मागच्या पावसाळ्यात गळ्यात काविळीची माळ घालून माझ्या दारात आली. म्हणे, माळ लांबत चालली म्हंजे कावीळ उतरून राहिली. पण पोट टम्म होतं, अन पायावर बोट दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा. मोठ्या दवाखान्यात नेलं तर पोटात पाणी, लिव्हर आकसलेलं अन शुगर निघाली, जी तिला कधी माहीतच नव्हती. तिथं वॉर्डात पहिला प्रश्न काय विचारला तर किती पिते. ती म्हणाली, "मी त जिंदगीत थेंब नाही घेतला बाप्पा." कोणाला पटलं नाही. दिवाळीच्या आधी गेली ती.

नंतर मी तिचा जुना फॉर्म काढून पाहिला, माझ्याच अक्षरातला. बीपी-शुगरचा धोका कोणाला जास्त हे मार्क देऊन पाहायला आम्ही आशा घरोघरी भरतो तो. वयाचे २ मार्क, खर्रा (तंबाखू-सुपारी) रोजचा म्हणून २, कंबर टेपनं ६८ सेंटीमीटर म्हणून शून्य, अंगमेहनत आहे म्हणून शून्य. टोटल ४. चारच्या वर गेलं तर तपासणीला आधी पाठवायचं असतं. तशी तपासणी तिशीच्या वरच्या सगळ्यांचीच करायची आहे, कागदावर तसंच आहे, पण कॅम्प लागतो ११ वाजता आणि बाया ८ लाच वावरात गेलेल्या असतात, वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, एक दिवस बसली तर घरात तेल येत नाही. मग कॅम्पात कोण येतं, तर गावातले रिकामे बसलेले म्हातारे अन ज्यांची शुगर आधीपासूनच माहीत आहे ते. रजिस्टर भरतं, पण काकू राहून जाते.

दारूनं लिव्हर जातं हे खरंच आहे, मी घरोघरी पाहते. पण शुगरनं, लिव्हरवर चरबी साचल्यानं, हिपॅटायटीस बी आणि सी नंही जातं, अन बारीक माणसालाही फॅटी लिव्हर होतं. दारूचा शिक्का बसेल म्हणून बाया पोटाचं दुखणं लपवतात हो, नवऱ्यालाही सांगत नाहीत. २०२१ मध्ये सरकारनं फॅटी लिव्हर हा आजार बीपी-शुगर-कॅन्सरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, पण माझ्या गावातल्या कॅम्पात टेबलावर आजही फक्त बीपीची मशीन अन बोटातून शुगर पाहायची पट्टी.

सोनोग्राफी गावात आणा असं मी म्हणतच नाही. वय, एसजीओटी अन एसजीपीटी या लिव्हरच्या रक्ततपासण्या आणि प्लेटलेट, एवढ्यावरून फिब-४ नावाचा स्कोर निघतो, १.३ च्या खाली आला तर लिव्हर जास्त कडक झालं असण्याची शक्यता कमी, वर आला तर पुढं पाठवायचं. रक्ताची एकच सुई लागते, मोबाईलवर हिशोब होतो. ज्यांची शुगर निघाली त्यांची तरी ही तपासणी त्याच वेळी करा, अन हिपॅटायटीसचीही करून घ्या, त्याचं औषध २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट आहे.

आणखी एक, आमच्याकडं सिकलसेलचे, म्हंजे रक्ताच्या जन्मजात आजाराचे, पेशंट आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर मरतात म्हणून तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट खोटाच कमी येऊ शकतो, त्यांची उपाशीपोटी अन जेवणानंतरची शुगर पाहिली पाहिजे. फॉर्मवर सिकलसाठी एक रकाना टाका ना, एवढंच.

दसऱ्यानंतर वेचणी लागेल, दिवाळी झाली की पोडावरची अर्धी घरं वीटभट्टीवर जातात, ती थेट उन्हाळ्यानंतर परततात. म्हणून आरोग्य विभागाला हात जोडून विनंती आहे की कॅम्प दसऱ्याच्या आधी घ्या, अन बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ६ नंतर लावा. आमचा बाजार बुधवारी असतो. ग्रामपंचायतीचा ओटा आहे, लाईट आहे, बाया मी घेऊन येते.

— एक आशाताई, ता. घाटंजी, जि. यवतमाळ