गोळी म्हणे दुधाबरोबर!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला कंपवातावरचा लेख वाचला. चित्र सुरेख होते. पण 'मळमळ टाळण्यासाठी गोळी कपभर दुधाबरोबर घ्यावी' या वाक्यापाशी माझा चहा निवला. ह्यांना कंपवात होऊन अकरा वर्षे झाली. तेवढ्या वर्षांत दुधाची आणि त्या गोळीची मी गाठ पडू दिलेली नाही.

मेंदूत हालचाली सांभाळणारे डोपामिन हे रसायन कमी पडते, हे लेखकमहाशयांनी तीनदा सांगितले. पण डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून मेंदूत पोचल्यावर डोपामिन होणारा लेव्होडोपा देतात (गोळी ती हीच) आणि वाटेतच त्याचे डोपामिन होऊन वाया जाऊ नये म्हणून जोडीला कार्बिडोपा. आता आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत लेव्होडोपा ज्या दाराने जातो, त्याच दाराने दूध-अंडी-डाळीतल्या प्रथिनांचे घटकही जातात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. म्हणून जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर तासा-दीड तासाने. मळमळलेच तर दोन कुरमुरे तोंडात टाकावेत. प्रथिने सोडायची नाहीत, फक्त वेळ सांभाळायची. एवढे छापायला किती जागा लागली असती?

गेल्या वर्षी ह्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. दाखल होताच सिस्टरने गोळ्यांची डबी काढून घेतली. "औषधं आमच्या चार्टप्रमाणे." घरी सात, अकरा, तीन, सात अशा वेळा, घड्याळात गजर लावलेले. तिथे पहिली गोळी आली नऊला, उकडलेले अंडे आणि दूध यांच्यासोबत. दहा वाजता हे बाथरूमच्या उंबऱ्याशी जे थबकले ते थबकलेच. पाऊल उचलेना. मी फरशीवर चपला आडव्या ठेवल्या, "ओलांडा" म्हटले, तेव्हा कुठे आत गेले.

दुपारी उलटी झाली म्हणून कुणीतरी मेटोक्लोप्रामाइडचे इंजेक्शन दिले. उलटी थांबली. पण ते औषध मेंदूत डोपामिनचीच वाट अडवते, त्यामुळे कंपवाताच्या माणसाला टाळायचे असते. फाइलवर 'कंपवात' लिहिलेले होते हो, लाल शाईने! संध्याकाळी हे लाकडासारखे ताठ, लाळ गिळता येईना. तरुण डॉक्टर मला समजावतात, "आजी, वयामुळे होतं असं." वय काय दुपारी दोन ते सहामध्ये वाढले? आमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन केला, त्यांनी ते इंजेक्शन बंद करवले आणि गोळ्यांच्या वेळा पूर्ववत झाल्या. हे तिसऱ्या दिवशी स्वतः उठून बसले.

तेव्हा अशा लेखांतून निदान एवढे तरी सांगा, की दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून न्या आणि उलटीचे औषध देण्याआधी विचारायला लावा. आणि लेखाच्या पोटातच 'कंपवात मुळापासून बरा' अशी जाहिरात छापणाऱ्यांना मी काय सांगावे?

कळावे,
एक जुनी वाचक, सांगली
(नाव छापू नये)

ता. क. शब्दकोड्याचे चौकोन तुम्ही गेल्या महिन्यापासून लहान केलेत. या आजारात अक्षर आपोआप बारीक होत जाते, म्हणून हे रोज मुद्दाम मोठ्या अक्षरात कोडे भरायचे. आता त्या चौकोनात मुंगीही मावत नाही. चौकोन पूर्वीएवढे करावेत.