टॉवरची जाहिरात छापलीत, मागच्या इमारतीचं काय?

महोदय,

कालचा अंक हातात घेतला तर पहिल्या पानावर बातमीच नाही, पानभर गिरगावातल्या त्या टॉवरची जाहिरात, आणि आत प्रॉपर्टी पुरवणीत त्याच टॉवरवर अर्धं पान लेख. जाहिराती छापू नका असं माझं म्हणणं नाही, पेपर चालवायचा तर त्या लागतात हे कुणालाही कळतं. पण तो लेख वाचल्यापासून डोकं जे तापलंय ते आज सकाळपर्यंत शांत झालं नाही, म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलेय.

लेखात गिरगावचा सगळा इतिहास आलाय. केशवजी नाईक चाळीतला १८९३ पासूनचा गणपती आला, रॉयल ऑपेरा हाऊस आलं, मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या तेही आलं, पाडव्याच्या शोभायात्रेचा फोटो आला, आणि मेट्रोचं स्टेशन चालत दोन मिनिटांवर आहे हे तर दोनदा आलं. फक्त ज्या जमिनीवर हा टॉवर उभा राहतोय तिथे आमची चाळ होती, तिच्यात भरलेली बिऱ्हाडं होती आणि ती माणसं आजही कुठे डोंबिवलीला, कुठे विरारला भाड्याच्या घरात वाट बघत बसलीयत, याची एक ओळ नाही. उलट "मोकळ्या भूखंडावर साकारणारा" असं छापलंय. तो भूखंड मोकळा नव्हता हो, आम्ही सह्या करून खाली केला म्हणून तो मोकळा झाला.

मी चाळीचे गोडवे गाणारी नाही. लग्न होऊन तिथेच आले, संसार तिथेच केला. मजल्याला मिळून संडास, पावसाळ्यात भिंतींना ओल, खालच्या मजल्यावर तुळया वाकल्या म्हणून लाकडी टेकू लावलेले, त्यातून वाट काढत बादल्या न्यायच्या. जिन्याच्या पायऱ्या मधोमध इतक्या झिजल्या होत्या की नवीन पाहुणा हमखास अडखळायचा आणि वरून कुणीतरी "कठडा धरा, कठडा धरा" म्हणून ओरडायचं. तेव्हा पुनर्विकास नको असं आमच्या घरात कुणीच म्हणालं नाही. सासूबाईंनी तर सगळ्यांच्या आधी सही केली, आणि शेजारच्या दोघीतिघींना समजावून त्यांच्याही सह्या मिळवून दिल्या. आज त्या बायका फोन करून सासूबाईंनाच विचारतात, काय झालं आपल्या जागेचं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते की आमची सेसची, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी बिल्डिंग, १९४० च्या आधीची. अशा इमारतींचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) च्या नियमाखाली होतो. जुन्या भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेटचं घर फुकट द्यायचं, आणि त्या बदल्यात बिल्डरला विकण्यासाठी जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी मिळते. म्हणजे आज जे मजले पावणेसात कोटींपासून पुढे विकायला काढलेत ते आमच्या खोल्यांच्या हिशोबावर उभे आहेत. आम्ही नसतो तर एवढं बांधकाम मंजूरच झालं नसतं. आणि जाहिरातीत आम्हीच नाही.

आता झालंय असं की बाहेर राहायच्या भाड्यासाठी बिल्डरने आगाऊ दिलेले ११ महिन्यांचे चेक संपले, पुढचे मिळाले त्यातला पहिलाच बाऊन्स झाला, आणि दिवाळीपासून भाडं बंद आहे. विचारलं की मार्केट स्लो आहे, पैसे अडकलेत, जरा सांभाळून घ्या. सांभाळून घेतोय की आम्ही, माझे दीर पेन्शनमधून भाडं भरतायत. पण पैसे अडकलेत तर तुमच्या पेपरचं अख्खं पहिलं पान घ्यायला कुठून आले? हा प्रश्न मी बिल्डरला विचारणारच आहे, पण तुम्हालाही विचारते, कारण लेख तुमच्या पुरवणीत आलाय आणि त्यावर "जाहिरात" असा शब्द कुठेही नाही. वाचणाऱ्याने तो तुमच्या माणसाने जाऊन, बघून लिहिला असंच समजायचं ना?

जाऊन बघितलं असतं तर जे मला दिसलं ते त्यालाही दिसलं असतं. मागच्या महिन्यात मी गेले होते. रस्त्याच्या बाजूला काचेचं सेल्स ऑफिस, आत एसी, सँपल फ्लॅट तयार, किचनच्या ओट्यावर खोट्या लिंबांची परडीसुद्धा ठेवलेली. तिथल्या मुलीने खुर्ची दिली, पाणी दिलं, मॅडम तुमचं बजेट काय म्हणाली. मी म्हटलं बाळा मी इथली जुनी भाडेकरू, आमची इमारत कुठवर आली ते विचारायला आलेय. तिचा चेहराच उतरला, तिचा काही दोष नाही, नोकरी करतेय बिचारी. वॉचमनला बोलावलं, तो म्हणाला मावशी, रिहॅबवाल्यांनी मागच्या गल्लीतून यायचं. रिहॅब म्हणजे आम्हा जुन्या भाडेकरूंची इमारत. मागच्या गल्लीत गेले तर पत्र्याच्या आत आमच्या इमारतीचा नुसता पाया, सळया गंजून लाल झालेल्या, खड्ड्यात पाणी साचलेलं आणि त्यावर डास. आणि मान वर केली की टॉवरचे स्लॅब मोजता येऊ नयेत इतके वर गेलेले, दोन क्रेन चालू.

रखडलेले प्रकल्प म्हाडाला ताब्यात घेता येतील अशी कायद्यात दुरुस्ती झालीय, ती चांगली गोष्ट आहे. पण पुढचा टॉवर धडाक्यात चालू असताना त्याच आवारातल्या कामाला रखडलेलं म्हणणार कोण? लांबून बघणाऱ्याला काम जोरातच दिसतं. बिल्डरांवर लक्ष ठेवणारा रेरा कायदा आहे, पण तो मुख्यतः घर विकत घेणाऱ्यांसाठी. त्यांना ताबा उशिरा मिळाला तर व्याज मागता येतं. खोली देऊन बसलेल्याला तशी सोय नाही. जाहिरातीवर रेराकडची प्रकल्पाची माहिती उघडणारा क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे म्हणून तोही स्कॅन करायचा प्रयत्न केला, इतका बारीक आणि कोपऱ्यात छापलाय की भाच्याच्या फोनवर तिसऱ्यांदा लागला. त्यात विक्रीचा टॉवर पूर्ण होण्याची तारीख व्यवस्थित आहे. आमच्या इमारतीची तारीख शोधून शोधून थकलो.

आणि हे विकत घेणाऱ्यांनीही नीट ऐकावं, कारण त्यांच्याशी आमचं भांडण नाही. आमच्या प्रकल्पाच्या एनओसीत, म्हणजे ना हरकत पत्रात अट आहे, भाडेकरूंना ताबा दिल्याशिवाय विक्रीच्या इमारतीला ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला मिळणार नाही. म्हणजे मागच्या गल्लीतल्या त्या गंजलेल्या सळयांवर तुमच्या सात कोटींच्या घराचा ताबा अडकलाय. कर्ज काढून, जन्माची कमाई घालून घर घेणारा माणूस सेल्स ऑफिसातून सी व्ह्यू बघून परत जातो, त्याला कुणी मागे नेऊन दाखवत नाही. निदान पेपरने तरी दाखवावं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जुन्या इमारतींच्या जागेवरच्या टॉवरची जाहिरात घेताना रिहॅब किती मजले झालं आणि भाडं चालू आहे का, एवढं विचारून त्यातच छापा. बिल्डर द्यायला तयार नसेल तर जाहिरात घेऊ नका. आणि पैसे घेऊन छापलेल्या लेखावर तसं मोठ्या अक्षरात लिहा.

अजून एक, राहवत नाही म्हणून. लेखात गिरगावातली जुनी वस्ती खोताची वाडी म्हणून जो फोटो छापलाय तो खोताच्या वाडीचा नाही. बहुतेक वांद्र्याच्या रानवर गावठाणाचा आहे. खोताच्या वाडीतली कितीतरी जुनी घरं आधीच पडून गेलीयत, जी उरलीयत त्यांचा तरी फोटो बरोबर छापायला काय हरकत होती? गिरगावात राहणारं एक माणूस तुमच्या ऑफिसात असतं तर ही चूक झाली नसती, आणि ते माणूस तिथे राहू शकेल अशी घरं बांधली जात नाहीयत हे तर तुमचीच पुरवणी सांगतेय.

पत्र काटछाट करून छापलंत तरी चालेल, पण मागच्या गल्लीचा भाग कापू नका.

आपली,
एक जुनी वाचक, मूळ गिरगाव, सध्या डोंबिवली
(नाव छापू नये, करारनामा सासूबाईंच्या नावावर आहे आणि घर अजून मिळायचंय.)