कळव्याच्या आमच्या सिस्टरना, जाहीर आभार

सिस्टर,

तुम्हाला मोबाइलवर लांबलचक वाचायचा कंटाळा, म्हणून हे सुनेकडून वाचून घ्या. साडी घेतली नाहीत, पेढ्यांतला एक उचलून बॉक्स परत दिलात. मग आभार मानायला एवढीच जागा उरली. शिवाय हे चाळीतल्या इतरांनीही वाचावं असं मला वाटतं.

पप्पांनी दारू सोडली ती आजीच्या हट्टापायी. तिने एकवीरेची शपथ घातली आणि त्यांनी खरंच बाटलीला हात लावला नाही. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की बशीत कप वाजत होता. पुढच्या रात्री ते चादरीवरचे किडे वेचायला लागले. चादरीवर काहीही नव्हतं. बनियन घामाने पिळून काढावं इतकं ओलं, आणि मला आत्या समजून गावच्या जमिनीचं विचारत होते. आत्याने लिंबू उतरवलं, काका विटाव्याहून कुणा जाणत्याला आणायला निघाले. तुम्ही आत आलात, नाडी धरलीत आणि म्हणालात, "बाहेरचं वगैरे काही नाही. आधी रिक्षा बोलवा, लिंबू नंतर."

रिक्षात तुम्ही मला सांगितलंत ते मी तेव्हापासून दिसेल त्याला सांगते. रोजची दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदू आपला जोर वाढवून बसतो. दारू एकदम थांबली की तो जोर मोकाट सुटतो. आधी हात कापतात, काहींना फिट येते, आणि साधारण 48 ते 72 तासांत भास सुरू होऊ शकतात. इलाज झाला नाही तर माणूस जातोसुद्धा. म्हणजे वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एका दिवसात बंद करणं हेच धोक्याचं. शपथा घालणाऱ्या घरांना हे कोण सांगणार?

कॅज्युअल्टीत तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "ग्लुकोज लावताय, बी-वन दिलंत का?" तो तरुण डॉक्टर क्षणभर तुमच्याकडे बघत राहिला, मग हसला आणि इंजेक्शन मागवलं. पिणारा जेवत नाही, त्यामुळे शरीरात थायमिन, म्हणजे तेच बी-वन जीवनसत्त्व, फारसं उरलेलं नसतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. निवृत्त होऊनही तुमचा वॉर्ड काही सुटलेला नाही.

घरी आल्यावर मावशी एक पुडी घेऊन आली. लोकलच्या डब्यात चिकटवलेली असते ना ती जाहिरात, 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा', तीच. तुम्ही ती मोरीत ओतलीत. त्यात काय आहे कुणाला ठाऊक नाही, आणि डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, असलं तर वरून दारू घेतल्यावर बीपी कोसळू शकतं. ते औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून.

खरा उपकार मात्र मम्मीवरचा. पप्पांच्या दांडीच्या दिवशी दिघ्याच्या कंपनीत "ताप आलाय" असा फोन तीच करायची. वाण्याची उधारी तीच फेडायची, सासरी तीच ऐकून घ्यायची. पप्पांना तुम्ही एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, मीटिंगला धाडलंत, ते आम्हाला समजण्यासारखं होतं. अमेरिकेत 1935 साली दोन पिणाऱ्यांनीच ते काम सुरू केलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. पण मम्मीला "तुझ्यासाठी अल-अनॉन", म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग, म्हणालात तेव्हा ती चिडली होती. "मी कुठे पिते?" आता फोन करायला ती साफ नकार देते. पप्पांना पहिल्यांदा स्वतः सुपरवायझरशी बोलावं लागलं, तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला.

दारूचा हिशेब पिणाऱ्याच्या लिव्हरवर संपत नाही. पगाराच्या संध्याकाळी देशीच्या दुकानाबाहेर बायका उभ्या असतात, नवऱ्याच्या हातातले पैसे आत जायच्या आधी पकडायला. 2025 मध्ये सरकारने दारूवरचा कर वाढवला, तिजोरी भरेल म्हणून. महाग झाली की पिणं कमी होतं म्हणतात. होतही असेल, पण व्यसनी घरात आधी कापलं जातं ते दूध आणि क्लासची फी. आणि स्वस्ताच्या मागे लागलं की काय होतं ते 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत दिसलं. मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं गेली, बहुतेक हातावर पोट असलेली.

पप्पा परत घसरले ते हळदीत. आपल्याकडे हळद म्हटली की टेबलं लागतातच, आणि "एकाने काय होतंय" म्हणणारा जवळचाच असतो. तुम्ही तेव्हाही आवाज चढवला नाहीत. पुढच्या मीटिंगची वेळ विचारलीत, बस. अलीकडे काही गावांत बिनदारूच्या हळदी व्हायला लागल्यात, त्याचं मला फार बरं वाटतं. माझ्या हळदीला सरबत असेल. काका रुसले तरी चालतील.

एक काम आहे. खारेगावच्या एका ताईंना तुमचा पत्ता दिलाय. नवऱ्याला न कळता पुडी देत होत्या, आता घाबरल्यात. रविवारी सकाळी येतील. पुडी सोबत आणायला सांगितलंय. त्यांच्यावर ओरडू नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची